कुलूप कारखान्यातलं बंद दार

थर्मासला राग आला की तो बाहेर दिसत नाही. पॅकिंग विभागात त्याला हे नाव कुणी ठेवलं ते आता कुणालाच आठवत नाही, पण ज्यानं ठेवलं त्याला माणसाची पारख असली पाहिजे. बाहेरून हात लावून बघा, गार. आत मात्र सकाळी ओतलेलं संध्याकाळपर्यंत तसंच कढत. कारखान्यात हा गृहस्थ कुणाला वाकडा शब्द बोलत नसे. ‘बघतो साहेब’, ‘करतो साहेब’ आणि ‘बरोबर आहे साहेब’ एवढ्या भांडवलावर त्यानं पॅकिंगच्या सुपरवायझरपर्यंत मजल मारली होती. उरलेली वाक्यं तो जपून घरी आणायचा आणि जेवताना बायकोला ऐकवायचा. बायको शांतपणे वाढायची आणि सगळं ऐकून झालं की विचारायची, “मग तुम्ही काय म्हणालात?” इथं घास थर्मासच्या घशात अडकायचा. कारण तो काही म्हणालेलाच नसायचा.

आता ज्या दारापायी हे सगळं झालं त्या दाराविषयी.

कारखाना कुलपांचा. एका शेडमध्ये कुलपं जोडली जातात, शेजारच्या शेडमध्ये ती खोक्यांत भरली जातात. दोन्हींच्या मध्ये भिंत आणि भिंतीत दार. पॅकिंगच्या टेबलाशी बसलेल्या माणसाला पलीकडे जोडणीत कोण शिंकलं ते ओळखू येतं, इतकं जवळ. पण त्या दाराला कुलूप. पूर्वी कधीतरी एका मॅनेजरचं जोडणीच्या फोरमनशी वाजलं, त्या तिरमिरीत त्यानं दार लावून घेतलं, कुलूप घातलं आणि पुढे नोकरी सोडून गेला. किल्ली त्याच्याबरोबर गेली की त्याच्या आधीच गेली, यावर कारखान्यात दोन तट आहेत. कुलूप अर्थातच घरचं. कारखान्याचा सगळ्यात नामी नमुना. नाव ‘अभेद्य’.

तेव्हा जोडणीत तयार झालेली कुलपं ट्रॉलीवर चढत. ट्रॉली पुढच्या फाटकातून अंगणात येई, स्टोअरला वळसा घाली, सुरक्षेच्या केबिनपाशी थांबे, तिथं कारखान्याचा माल कारखान्यातच चाललाय ना याची खात्री करून घेतली जाई, आणि मग मागच्या बाजूनं ती पॅकिंगमध्ये शिरे. म्हणजे जिथून निघाली त्याच भिंतीच्या दुसऱ्या अंगाला. ही ट्रॉली दिवसभर दोघीजणी ढकलत. एक आक्का आणि दुसरी धाकटी. आक्काचे गुडघे या फेऱ्यांत कामातून गेले होते आणि धाकटीचे रांगेत होते. ते दार उघडा म्हणून थर्मासनं आजवर आलेल्या प्रत्येक मॅनेजरला सांगून पाहिलं होतं. प्रत्येक जण ‘बघू’ म्हणाला होता. बघितलं कुणीच नव्हतं.

अशात मोठ्या साहेबांनी एक सल्लागार आणला.

सल्लागार तरुण होता, शिडशिडीत होता आणि त्याला येरझाऱ्या घालत बोलायची सवय होती. त्यानं सगळ्यांना कॅन्टीनमध्ये जमवलं आणि जाहीर केलं, “आजपासून आपल्याला लीन व्हायचंय.” मग जे जे वाया जातं त्याची त्यानं यादीच घोकून दाखवली. वाट बघणं वाया, नेआण वाया, साठा वाया, उगीच हिंडणं वाया. थर्मास ऐकता ऐकता पुढे सरकून बसला. इतकी वर्षं आपण जे पोटात ठेवलं ते हा मुलगा कोट घालून बोलतोय, असं वाटून त्याचा ऊर भरून आला. त्याच वेळी सल्लागार म्हणाला, “ग्राहक ज्याचे पैसे देत नाही ते सगळं वाया. ग्राहक पैसे कशाचे देतो? कुलपाचे. खोक्याचं तो काय करतो? घरी जाऊन फेकतो. मग पॅकिंग म्हणजे काय?”

कॅन्टीनमधल्या सगळ्या माना थर्मासकडे वळल्या. जणू तोच ते खोकं होता.

“जो विभाग सुधारणा दाखवणार नाही, त्याचं काम बाहेरच्या ठेकेदाराला देता येईल,” सल्लागारानं गोड आवाजात सांगितलं आणि चहा आला.

पॅकिंगच्या बायकांनी चहाला हात लावला नाही. आक्का पेला तसाच ठेवून म्हणाली, “साहेब, म्हणजे आपल्याला काढणार का हो?”

“कोण काढतंय! बघतो मी,” थर्मास म्हणाला. आणि आपणही ‘बघतो’च म्हणालो हे ध्यानात येऊन त्याचे कान तापले.

त्या संध्याकाळी समोरच्या दारातले विमावाले काका नेहमीप्रमाणे पेपर परत करायला आले. लोकांच्या संकटावर पोट असल्यामुळे काकांना संकटाचा वास लवकर येतो. आल्या आल्या त्यांनी विचारलं, “काय, आज चेहरा असा?”

“कारखाना लीन करतायत,” थर्मास म्हणाला.

“चांगलंय की. माणसानं लीन असावंच. पण कुणाच्या चरणी, ते सांगितलंय का?”

“काका, ते इंग्रजी लीन. म्हणजे सडपातळ. चरबी काढायची.”

“आणि चरबी म्हणजे कोण?”

थर्मासनं परत आलेल्या पेपरची घडी घातली. काकांनी खुर्ची पुढे ओढली. “हे बघा भाऊ, अशा वेळी आपण होऊन पुढे व्हायचं. एखादी सुधारणा लगेच सुचवून टाका. छोटीशी. कुणाच्या डोळ्यांवर येणार नाही अशी. आमच्या ऑफिसात अशी लाट आली होती तेव्हा मी पंखे बंद करायचं सुचवलं. हिवाळा होता. बढती मिळाली.”

“त्यांना फक्त एक दार उघडायचंय,” बायको स्वयंपाकघरातून म्हणाली. “उघडा म्हणावं आणि मोकळे व्हा.”

बायकोला कारखाना ठाऊक नव्हता, म्हणून तिला ते सोपं वाटलं.

दुसऱ्या दिवशी थर्मासनं सल्लागाराला दारापाशी नेलं, कुलूप दाखवलं आणि सांगितलं की हे एवढं उघडलं की ट्रॉलीची सगळी वणवण संपेल. सल्लागाराचे डोळे लकाकले. मग तो म्हणाला, “उत्तम. पण थेट उत्तरावर उडी मारायची नाही. आधी अभ्यास.”

अभ्यासाला भिंत लागते, हे थर्मासला नवं होतं. भिंतीवर नकाशा लावायचा, नकाशावर ट्रॉलीच्या वाटेची लाल रेघ मारायची, शेजारी आलेख, आलेखाशेजारी हसरे आणि रडके चेहरे. त्यासाठी एक खोली हवी. कारखान्यात मोकळी खोली नव्हती, म्हणून पॅकिंगची खोक्यांची खोली घेण्यात आली आणि तिच्यावर ‘अपव्यय निर्मूलन कक्ष’ अशी पाटी लागली. आतली खोकी बाहेर, पॅकिंगच्या वाटेवर आली. ती वाट अरुंद झाल्यावर ट्रॉली वळेना. ट्रॉली वळेना म्हणून आक्का आणि धाकटी बाहेरूनच कुलपं हातात धरून आत आणू लागल्या. त्यामुळे पॅकिंगचा वेग उतरला. आलेखावर पॅकिंगसमोर पहिला रडका चेहरा चिकटला.

“हे तुमच्या खोलीमुळे झालं,” थर्मासला म्हणायचं होतं.

“बरोबर आहे साहेब,” तो म्हणाला.

आता सल्लागाराचं म्हणणं पडलं की ट्रॉलीची वाट आखलेली नाही, हे दुखण्याचं मूळ आहे. लगेच रंगारी आला आणि त्यानं अंगणभर पिवळे पट्टे ओढले. ट्रॉलीनं या पट्ट्यांच्या आतूनच जायचं. नेमक्या त्याच सकाळी थर्मासनं निश्चय केला की अभ्यास खड्ड्यात गेला, आज किल्ली शोधायचीच. निश्चयाच्या भरात त्याचं खाली लक्ष नव्हतं.

तो प्रथम सुरक्षा अधिकाऱ्याकडे गेला. सुरक्षा अधिकारी पूर्वी कुठल्याशा दलात होते आणि अजूनही प्रत्येकाशी सीमेपलीकडून आल्यासारखेच बोलत. “किल्ली? किल्ल्या स्टोअरमध्ये. आमच्याकडे फक्त कुलपं बंद आहेत की नाहीत ते बघायचं काम. ते बंद आहे. रोज बघतो.”

स्टोअरकीपर चष्मा कपाळावर चढवून म्हणाला, “कुलूप माझ्याकडून गेलं, किल्ली त्याच्याबरोबरच गेली. माझा संबंध संपला. दार कुणाचं? देखभालीचं. त्यांना धरा.”

देखभालीचा फोरमन एका मोटारीत डोकं खुपसून बसला होता. त्यानं डोकं बाहेर न काढताच ऐकून घेतलं. “दार आमचं. पण बंद दार आमचं नाही. उघडताना कुरकुरलं तर आम्ही तेल घालू. बंद करणं सुरक्षेचं खातं.”

थर्मास पुन्हा सुरक्षेकडे गेला. सुरक्षेनं त्याला पुन्हा स्टोअर दाखवलं. शेवटी डोक्यात जाळ घेऊन तो थेट मोठ्या साहेबांच्या केबिनमध्ये शिरला आणि तिथल्या करड्या गालिच्यावर उभा राहिला. साहेब फोनवर होते. फोन ठेवून त्यांनी वर पाहिलं, मग खाली पाहिलं, आणि खालीच बघत राहिले.

दारापासून टेबलापर्यंत पिवळीजर्द पावलं उमटली होती.

नुसत्या केबिनमध्ये नव्हे. सुरक्षा, स्टोअर, देखभाल, पुन्हा सुरक्षा, पुन्हा स्टोअर, जिना, साहेबांचा दिवाणखाना वाटावा असा तो बाहेरचा कक्ष, सगळीकडे थर्मासच्या बुटांनी त्याचा सबंध प्रवास लिहून ठेवला होता. सुरक्षा अधिकारी त्या पावलांचा माग काढत चोर पकडल्याच्या आनंदात वर आले. त्यांच्या मागून सल्लागार आला, पण तो चिडला नाही. तो हर्षभरित झाला. “हेच! हेच मी सांगत होतो! उगीच हिंडणं! साहेब, इतकं स्वच्छ उदाहरण मला कुठल्याच कारखान्यात मिळालं नव्हतं.” त्यानं खटाखट फोटो काढले. दुपारपर्यंत ते अपव्यय निर्मूलन कक्षाच्या भिंतीवर लागले. खाली लिहिलं होतं: ‘एका सुपरवायझरची वाया गेलेली सकाळ’.

नाव घातलं नव्हतं. पण बुटांना दोन्ही टाचांवर ठिगळं असणारा सुपरवायझर कारखान्यात एकच होता. जेवणाच्या सुट्टीत जोडणीचे लोक रांग लावून ते फोटो बघून गेले.

एक गोष्ट मात्र झाली. गालिच्याचं दुःख जरा ओसरल्यावर मोठ्या साहेबांनी विचारलं, “तुम्हाला हवंय काय नेमकं?”

“ते मधलं दार उघडायचंय साहेब. किल्ली नाही.”

“मग फोडा की कुलूप! एवढ्यासाठी माझा गालिचा रंगवलात?”

थर्मास घरी गेला तेव्हा अपमान आणि विजय एकमेकांच्या उरावर बसले होते. विमावाले काका म्हणाले, “तोंडी परवानगीवर जाऊ नका, भाऊ. तोंड फिरतं.” बायको म्हणाली, “फोडा म्हणालेत ना? मग सकाळी जाऊन फोडा.” त्यानं बायकोचं ऐकलं. हीसुद्धा नोंद घेण्यासारखी घटना होती.

सकाळी देखभालीचा फोरमन करवत घेऊन आला. करवतीनं ‘अभेद्य’च्या कडीवर चरा सुद्धा उमटेना. पातं तुटलं. दुसरं लावलं, तेही तुटलं. फोरमननं ड्रिल आणलं. ड्रिलमधून धूर आला. घण आणला. घणाच्या घावानं भिंतीचा गिलावा पडला, वरचं कॅलेंडर पडलं, फोरमनचा मदतनीस कोपर धरून खाली बसला, आणि कुलूप जागच्या जागी झुलत राहिलं. सगळं पॅकिंग हातातलं काम सोडून बघू लागलं. गिलाव्याची धूळ खोक्यांवर बसली. कुणीतरी विक्रीच्या साहेबांना बोलावून आणलं.

विक्रीचे साहेब आले, त्यांनी घणाचे दोन घाव पाहिले आणि त्यांच्या डोळ्यांत पाणी उभं राहिलं. “थांबा! पुन्हा मारा! मी चित्रीकरण करतो!” फोरमनला त्यांनी पुन्हा पुन्हा मारायला लावलं. मग ते धावत मोठ्या साहेबांना घेऊन आले. मोठे साहेब कुलपासमोर बराच वेळ उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी हा कारखाना काढला होता. त्यांनी कुलपावरून अलगद बोट फिरवलं आणि जड आवाजात म्हणाले, “याला कुणी हात लावायचा नाही.”

“पण साहेब, काल आपण म्हणालात...” थर्मास म्हणाला.

“काल मला माहीत नव्हतं, हे काय आहे ते.”

दारासमोर जाड दोरी बांधण्यात आली. वर दिवा लागला. खाली पाटी: ‘आमच्याच माणसांना न फोडता आलेलं कुलूप’. विक्रीचे साहेब व्यापाऱ्यांचे घोळके घेऊन येऊ लागले. आधीच खोक्यांनी अडलेल्या वाटेवर आता व्यापारी उभे असत. त्यांना चहा द्यायला पॅकिंगमधल्याच एका बाईला पिटाळलं जाई. आणि भिंतीवर पॅकिंगसमोर रडक्या चेहऱ्यांची ही माळ लागली.

“बरोबर आहे साहेब,” थर्मास सगळ्यांना म्हणत होता. पण आता ते म्हणताना त्याचे दात एकमेकांवर घासल्याचा आवाज येई.

घरी जेवताना त्यानं ताट बाजूला सरकवलं. “त्यांनी दाराची पूजा मांडायची तेवढी बाकी ठेवलीय! दिवा लावलाय! आणि तो टिकलीएवढा मुलगा मला सांगतो, तुमच्यात कामाचा प्रवाह नाही! वाट तुम्ही अडवता, खोली तुम्ही घेता, चहा माझ्या माणसांकडून करून घेता आणि प्रवाह माझ्यात नाही?”

“मग तुम्ही काय म्हणालात?” बायकोनं विचारलं.

तो उठून गॅलरीत जाऊन उभा राहिला. विमावाल्या काकांनी समोरून हात केला आणि मोठ्यानं विचारलं, “काय ठरलं दाराचं?” थर्मासनं आयुष्यात पहिल्यांदा काकांच्या तोंडावर दार लावून घेतलं. गॅलरीचं होतं, म्हणून ते नुसतं खडखडलं.

मग तो दिवस आला. मोठा माल जायचा होता. ट्रक सकाळपासून मागच्या फाटकाशी उभा होता आणि ड्रायव्हर हॉर्न वाजवून आपलं मत कळवत होता. बाहेर आक्का आणि धाकटी कुलपांची भरलेली ट्रॉली घेऊन ताटकळत होत्या. आत व्यापारी उभे होते. सल्लागार थर्मासजवळ आला आणि हळू आवाजात म्हणाला, “तुम्हाला आधी सांगावं म्हटलं. पुढच्या महिन्यापासून पॅकिंग ठेकेदाराकडे देण्याची शिफारस मी करतोय. मनाला लावून घेऊ नका. आकडेच तसे आहेत.”

थर्मासनं मान हलवली. मग तो विक्रीच्या साहेबांपाशी गेला आणि शक्य तितक्या मऊ आवाजात म्हणाला, “साहेब, पाहुण्यांना जरा बाजूला घ्याल का? ट्रॉलीवरची कुलपं आत आणायची आहेत.”

“आत्ता?” विक्रीचे साहेब कुजबुजले. “आत्ता मी कुलपाची कहाणी सांगतोय. पॅकिंग थोडा वेळ बंद ठेवा ना. तसंही ते...” आणि त्यांनी हातानं काहीतरी उडवून लावल्यासारखं केलं.

ते वाक्य पुरं झालं असतं तर कदाचित काही घडलं नसतं. पण हाताच्या त्या झटक्यात आक्का होती, धाकटी होती, टेबलाशी बसलेल्या सगळ्या बायका होत्या आणि ठिगळाचे बूट होते. थर्मास दोरी ओलांडून पुढे गेला आणि त्यानं त्या दाराला सगळ्या ताकदीनिशी लाथ घातली.

लाथ पायालाच जास्त लागली. तो एका पायावर नाचत असताना त्याला दिसलं की कुलूप हललं नाही, पण दुसऱ्या बाजूला, जिथं बिजागऱ्या होत्या, तिथं गंजाचा भुगा गळला. दार तिकडून खुळखुळलं.

सगळ्या कारखान्यानं त्या दाराकडे बघितलं होतं. पण सगळ्यांनी कुलपाच्याच बाजूनं.

लाकडी पेट्या बंद करायचा स्क्रूड्रायव्हर टेबलावर पडलेला होता. थर्मासनं तो उचलला. कुणी त्याला अडवलं नाही. त्याच्या चेहऱ्याकडे बघून अडवायची कुणाची छाती झाली नाही. गंजलेले स्क्रू किंचाळत बाहेर आले. वरची बिजागरी सुटली, मधली सुटली, खालची सुटायच्या आधीच दार एक आचका देऊन पुढे आलं. दोघीतिघी बायका धावल्या, आवाज ऐकून आक्का आणि धाकटीही बाहेरून आत आल्या, आक्कानं खाली पुठ्ठा सारला, आणि सगळ्यांनी मिळून दार ओढलं. ते उलट्या बाजूनं, कुलपावर फिरून, थाटात उघडलं. कुलूप बंद ते बंदच.

पलीकडे जोडणीचा फोरमन चहाचा पेला घेऊन उभा होता. तो दचकून म्हणाला, “अरे! तुम्ही इथं असता होय?”

व्यापाऱ्यांतला एक जाडजूड गृहस्थ पोट धरून हसायला लागला. “कुलूप एकदम फर्मास आहे हो! दारच जरा भोळं निघालं!” झालं, सगळे हसले. विक्रीच्या साहेबांचा चेहरा चुन्यासारखा पांढरा पडला.

इकडे कुलपं हातोहात येऊ लागली. जोडणीच्या टेबलावरून उचललं की पॅकिंगच्या टेबलावर. ट्रक भरू लागला, हॉर्न बंद झाला. हसण्याचा गलका ऐकून मोठे साहेब खाली आले आणि काय झालं ते बघत उभे राहिले. सल्लागार मात्र वही काढून काहीतरी लिहीत होता. त्यानं वर पाहिलं तेव्हा तो खुलला होता.

“अप्रतिम! साहेब, नेआण जवळजवळ शून्यावर आली. म्हणजे ट्रॉली नको. ट्रॉली नको म्हणजे ट्रॉलीवरची माणसं नकोत.” त्यानं पेनानं आक्काकडे आणि मग धाकटीकडे बोट दाखवलं. “ही दोन माणसं आजच मोकळी करता येतील.”

आक्कानं पदराला हात पुसले. ती नुसतीच थर्मासकडे बघत राहिली. तिनं त्याच्यासाठी पुठ्ठा सरकवला होता, त्याची धूळ अजून तिच्या हाताला होती.

आणि थर्मासचं झाकण उडालं.

“मोकळी?” तो ओरडला. त्याचा हा आवाज कारखान्यानं कधी ऐकलाच नव्हता. जोडणीतली यंत्रं सुद्धा थबकल्यासारखी वाटली. “इतकी वर्षं या बायकांनी तुमच्या बंद दाराभोवती चकरा मारल्या! गुडघे गेले त्यांचे! त्या चकरा त्यांनी शोधून काढल्या होत्या का? दार त्यांनी लावलं होतं का? किल्ली त्यांनी हरवली का? चूक तुमची, फेऱ्या त्यांच्या, आणि चूक दुरुस्त झाली की हाकलायचं त्यांनाच? मग उद्यापासून कोण सांगेल तुम्हाला, कुठं काय वाया जातंय ते? वेडा आहे का कुणी? जो सुधारणा सुचवेल तो घरी बसेल, अशी तुमची सुधारणा!”

“तुम्ही भावनेच्या...” सल्लागारानं सुरुवात केली.

“भावना नाही, डोळे! डोळे उघडून हे टेबल बघ!” थर्मास त्याला अरे-तुरे करतोय हे दोघांच्याही लक्षात आलं नाही. टेबलावर कुलपांचा डोंगर झाला होता. “माल आता भराभर येतोय आणि भरायला हात कमी पडतायत. लागणार आहेत त्या दोघी, इथंच! आणि पॅकिंग बाहेर द्यायचं असेल, तर ही कुलपं पुन्हा फाटकाबाहेर ट्रकमध्ये घालून ठेकेदाराच्या दारात नेणार तुम्ही! याला म्हणायचं नेआण कमी?” त्यानं दार दोन्ही हातांनी धरलं आणि मोठ्या साहेबांकडे वळला. “साहेब, बोला. या दोघी राहणार असतील तर हे दार असंच राहील. नाहीतर आत्ताच्या आत्ता मी हे परत बसवतो. स्क्रू माझ्या खिशात आहेत.”

बाहेर ट्रकच्या ड्रायव्हरनं नेमका हॉर्न वाजवला.

मोठ्या साहेबांनी टेबलावरचा ढीग पाहिला, हसणारे व्यापारी पाहिले, सल्लागाराची वही पाहिली. “स्क्रू खिशातच ठेवा,” ते म्हणाले. “ट्रक भरा. इथलं कुणी कुठं जात नाही.” मग जाता जाता सल्लागाराला म्हणाले, “आणि तुम्ही ती खोक्यांची खोली रिकामी करा.”

आक्कानं ट्रॉली बाहेरच राहू दिली आणि टेबलाशी स्टूल ओढून बसली. कामाच्या वेळात बसलेली आक्का पॅकिंगनं पहिल्यांदाच पाहिली.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण कारखान्यात विक्री विभाग नावाचं एक खातं असतं. व्यापाऱ्यांसमोर नाचक्की झाल्याबद्दल विक्रीच्या साहेबांनी दुसऱ्या दिवशी अशी काही आदळआपट केली की मोठ्या साहेबांनी थर्मासला वर बोलावलं. थर्मास बूट नीट पुसून, राजीनाम्याचे शब्द मनात जुळवत गेला. राग अजून उतरलेला नव्हता. इतक्या वर्षांचा साठा होता, एका दिवसात कुठून संपणार?

“विनापरवाना दार उघडल्याबद्दल चौकशी समिती नेमावी लागतेय,” साहेब म्हणाले. “विक्रीवाल्यांना शांत करायला हवं. समितीचे अध्यक्ष तुम्ही.”

“मी? अहो पण साहेब, दार मीच उघडलं! सगळ्यांच्या देखत!”

“म्हणूनच तर. बाहेरचा माणूस आणला तर त्याला आधी सगळं समजावून सांगावं लागेल. किती वेळ वाया जाईल!” साहेबांचा चेहरा अगदी गंभीर होता. ते चेष्टा करत होते की लीन झाले होते, हे थर्मासला शेवटपर्यंत कळलं नाही.

तो धुमसत खाली आला. स्वतःवरच चौकशी! स्वतःला बोलावायचं, स्वतःला दम भरायचा, स्वतःचं उत्तर स्वतःच ऐकून घ्यायचं! पॅकिंगमध्ये पोहोचतो तर देखभालीचा फोरमन नव्या बिजागऱ्या आणि हत्यारांची पेटी घेऊन दारापाशी वाकलेला. विक्रीच्या साहेबांनी त्याला दार होतं तसं करायला धाडलं होतं. पलीकडून कुलपं येतच होती आणि फोरमनच्या डोक्यावरून बायका ती हातोहात घेत होत्या.

“हात लावू नका!” थर्मास गरजला.

फोरमन चरकून मागे झाला. “का हो?”

“पुरावा आहे तो. चौकशी चालू आहे. निकाल लागेपर्यंत दार जसं आहे तसंच राहील. समितीच्या अध्यक्षांचा हुकूम आहे.”

“बरं बाबा,” फोरमननं पेटी उचलली. “पण चौकशी संपणार कधी?”

थर्मासनं उघड्या दारातून पलीकडे पाहिलं, मग आपली खुर्ची ओढून तिच्यावर ऐसपैस बसला.

“आत्ताशी कुठं सुरू झालीय,” तो म्हणाला. “मला घाई केलेली अजिबात खपायची नाही.”